‘येते’ म्हणून जाणारी माणसं

आमच्या शेजारच्या पोरीइतकं खरं बोलणारं माणूस अख्ख्या बजाजनगरात झालं नाही, आणि झालं नाही तेच बरं, असं गल्लीतल्या निम्म्या लोकांचं मत आहे. ओळख झाली तेव्हा ती आठ वर्षांची होती आणि मी कंपनीतून नुकताच रिटायर झालो होतो. मोठ्या लाडानं विचारलं, काय गं, हे नवे काका कसे वाटले? तिनं माझ्या तोंडाकडं न बघता कानाकडं बघितलं, “कानात केस आहेत” म्हणाली आणि घरात निघून गेली. काका तिनं मला कधीच म्हटलं नाही. आमच्या दारावर एकोणीस आकडा आहे, म्हणून मी एकोणीस आणि माझी बायको एकोणीस-बी.

डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला होता, मराठीत स्वमग्नता. तिची आजी सोयगावकडची. तिनं दोन्ही शब्द बाजूला सारून “मुलखाएगळी हाय” असं स्वतःचं निदान केलं होतं. त्यांच्या सत्यनारायणाला माणसं जेवून बाहेर आली, तर सगळ्या डाव्या चपला एका भिंतीला आणि सगळ्या उजव्या समोरच्या भिंतीला, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं लावलेल्या. अर्धा तास लोक एका पायात चप्पल घालून दुसरी शोधत होते. शिवाय कुकरची शिट्टी. ती कायम तिच्या मुठीत, अगदी शाळेतसुद्धा. वरण शिजवायचं तर आईला आधी लेकीची मनधरणी करावी लागे.

आई तशी हसतमुख बाई, पण ह्या शिट्टीनं तिला रडवलं. एकदा भिंतीपलीकडून म्हणाली, “काका, त्या शिट्टीत तिचा जीव आहे. माझ्यात आहे का, एवढं कुणीतरी सांगावं मला.” पोरीनं कधी तिच्या गळ्यात हात टाकला नव्हता, कुशीत घ्यायला गेलं की अंग चोरायची. मी काहीतरी समजुतीचं बोललो. खरं सांगायचं तर शंका मलाही होतीच.

मग आईच्या पित्ताशयात खडे निघाले. दोन दिवसांचं ऑपरेशन, पण टाके चिघळले आणि छावणीजवळच्या दवाखान्यात नऊ दिवस गेले. रिक्षात बसताना ती लेकीला “येते हं” म्हणाली. पोरगी रडली नाही, वेळेवर जेवली, वेळेवर झोपली. आजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, माय दवाखान्यात अन् हिला काहीच नाय, लई कठीण काळजाची. गल्लीनं माना हलवल्या. त्यात माझीही होती.

फक्त शाळेतून आली की ती पायरीवर बसायची, तोंड रस्त्याकडं करून, दिवे लागेपर्यंत. पाचव्या दिवशी मी विचारलं, इथं काय करतेस?

“आई ‘येते’ म्हणाली.”

मी समजावलं, की बाई गं, ‘जाते’ म्हणणं अशुभ, म्हणून माणसं जाताना ‘येते’ म्हणतात. त्याचा अर्थ जाते असाच असतो.

“मग ‘जाते’ म्हणायचं,” ती म्हणाली. “मी बसले ना इथं.”

एवढी शरम मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी गपचूप घरी आलो.

नवव्या दिवशी आई आली. पोरगी उठली, “उशीर केलास” म्हणाली, तडक घरात जाऊन खाटेखाली शिरली आणि तिथं जी रडायला लागली, ती तासभर. आजी चक्रावली; माय आल्यावर रडायचं असतंय व्हय? पण ते रडणं त्या दिवसाचं नव्हतंच, मागच्या नऊ दिवसांचं होतं. आई टाके सांभाळत फरशीवर बसली. हात लावला नाही, जवळ ओढलं नाही. मोठी शहाणी बाई. बऱ्याच वेळानं खाटेखालून एक हात बाहेर आला आणि तिच्या ओढणीचं टोक धरून राहिला. मी दारात उभा होतो; आईनं मला जायची खूण केली. डोळे तिचेही वाहत होते. तो प्रश्न तिनं मला पुन्हा विचारला नाही. त्यानंतर किराणा आणायला निघाली तरी ती “जाते, सहाला येते” असं सांगून निघायची, आणि आजी कानांवर हात ठेवायची.

गेल्या वर्षी पोरीच्या वडिलांची बदली चाकणला झाली. टेम्पो भरला, गल्ली गोळा झाली. आई-वडील, आजी, सगळे “येतो बरं का” म्हणाले. पोरगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “जाते.”

बायका दचकल्या. येते म्हण बाळा, येते म्हण, असं चारी बाजूंनी सुरू झालं. ती म्हणाली नाही. टेम्पो वळल्यावर माझी बायको हिरमुसून म्हणाली, एवढा लळा लावलात आणि जाताना एक चांगला शब्द नाही पोरीच्या तोंडात. ‘येतो’ म्हणून गेलेले तिघं अजून आलेले नाहीत. मला पायरीवर बसवून ठेवणं मात्र तिच्या जिवावर आलं असावं.