माठामागची बाटली

लासुर्ण्याच्या द्वारकाबाई पाहुण्यानं दिलेला पेढासुद्धा आधी हुंगतात. गावातल्या दूध डेअरीवर त्या मोजमापाला असतात. कॅन टेकायच्या आत विचारणार, "पाणी घातलंस का रं?" पाणी न घालणाऱ्यालाही घाम फुटतो.

अशा बाईंना परवा माठामागं ओल्या फडक्यात गुंडाळलेली काळपट लाल बाटली सापडली. सून सोनम बारामतीजवळच्या एका हॉटेलात नुकतीच लागलेली. "जेवण वाढते" एवढंच घरी सांगितलेलं.

"सोनम! ह्ये काय हाय?"

"वाईन हाय आत्या. द्राक्षाची."

"म्हंजी दारू. कोण पितंय? तू का माझा ल्योक यशराज?"

"कुणीच न्हाय. हाटेलवाले मळ्यात जेवणं घालत्यात, तितं फ्रीज नसतो. हाटेलातल्या मॅडम म्हणल्या, बिगर फ्रीजची नीट गार करून आण. उद्या जमलं तर कायम करतील."

"मग माठामागं कशाला दडवलीस?"

"तिथंच गारवा असतो. बर्फागत गार झाली की नुसती तुरट लागती. कोमट असली की नाकात जाती."

"तुला कसं ठावं?"

सोनम हळूच म्हणाली, "एक घोट घेतला हुता. हाटेलात. चाखल्याबिगर वाढायचं कसं?"

बाईंनी बाटली उचलली, डेअरीवर नेली नि कॅन ठेवतात त्या बर्फाच्या पाण्यात खोल बुडवली. यशराजच्या हाताला लागायला नको म्हणून.

सकाळी बाटली बर्फागत गार, हातात धरवेना. सोनमचे डोळे भरले. "आत्या, गेलं माझं काम."

"रडतीस कशाला? मीबी येते. बाटली माझ्यापाशी ऱ्हाईल."

बारामतीपर्यंत एसटीत बाईंनी बाटली पदराखाली पोटाशी धरली. विरजण लावायच्या आधी दूध बघतात तसं मधूनमधून बोट लावत होत्या.

"आत्या, आता पदर बाजूला घ्या. ऊब जास्त व्हईल."

"खात्री हाय?"

"हाय."

बाईंनी पदर बाजूला घेतला, पण बाटली सोडली नाही.

हॉटेलात मॅडमनी पेल्यात ओतली, घोट घेतला नि म्हणाल्या, "अगदी हवी तशी. सोनम, पुढच्या महिन्यापासून तू कायम. गार कशी केलीस?"

सोनमनं सासूकडं पाहिलं. बाईंची नजर बाटलीवर, तिच्यात राहिलेल्या वाईनवर.

"ते ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "आधी सांगा, उरलेली कोण पितं?"