खडखडणारा कीबोर्ड

मैलूरला आमच्या गल्लीत अर्ज टाइप करून देणारे एक अण्णा आहेत. त्यांचा कीबोर्ड जुना. आत लोखंडी पत्रा, प्रत्येक बटणाखाली वेगळी स्प्रिंग, वजन पाट्याएवढं. मी हौसेनं नवा, बिनआवाजाचा नेऊन दिला, तर त्यांनी तो टॉवेलात गुंडाळून परत केला. "खडखड न्हाई झाली तर लोकांना वाटतंय, ह्यो नुसताच बसलाय."

काल भरदुपारी लाइट गेली. त्यांच्यापुढचा स्क्रीन काळा पडला, पण बोटं थांबली नाहीत. अर्जासाठी बाकावर बसलेलं कुणीही उठलं नाही.

मी त्यांच्या कानाशी लागून विचारलं, "अण्णा, आता कामून बडवायलात?"

"हळू बोला. माणसं धरून ठेवायलोय."

मागून एक म्हातारी ओरडली, "अण्णा, माझा अर्ज ह्याच्याहून जोरात करा. मागचा साहेबाला ऐकूच गेला न्हाई."