एक्क्याण्णव टक्के, दादाच्या नावावर

आमच्या गावच्या दूध संस्थेच्या स्टेजवरून माझे मार्क वाचले गेले. दहावी, एक्क्याण्णव टक्के. नाव दादाचं.

मी पहिल्या रांगेत पप्पांचा मोबाईल धरून उभी. व्हिडिओ काढायला. पप्पांनी स्वतः दादाच्या डोक्याला गुलाबी फेटा बांधला. टाळ्या.

शेजारच्या काकू मला म्हणाल्या, "नववीला नापास झालेलं पोरगं, बघ कसं निघालं!"

मी मान हलवली. हो म्हणून.

त्या फेट्यासाठी मी अभ्यास केला होता. नववीत दादा माझ्याच वर्गात येऊन बसला, तेव्हा पप्पा दोघांनाही म्हणाले होते, "दहावीला नव्वदच्या वर जो जाईल त्याला फेटा मी बांधणार." बारामतीच्या इंग्लिश शाळेत जाता-येता बसमध्ये दादा झोपायचा. मी वाचायचे. दादाला बासष्ट पडले.

निकालाच्या दिवशी पप्पा म्हणाले, "आत्ताच कुणाला सांगू नगंस." मला वाटलं, सत्काराला सगळ्यांना चकित करायचंय. किती खूश होते मी. आठ दिवस गप्प राहिले.

संस्थेचा नियम असा, की एका सभासदाच्या एकाच मुलाचा सत्कार. तोही ऐंशीच्या वर असेल तरच. सेक्रेटरी तात्या पप्पांचे दोस्त. मार्कशीट त्यांनी मागितलीच नाही.

घरी येताना जीपमध्ये मी एवढंच विचारलं, "पप्पा, का?"

"त्याला हितं चार माणसांत उभं राहायचंय. तुझी हुशारी कुठं पळून चाललीय का?"

पुढच्या सीटवरून दादा हसला. फेटा अजून डोक्यावरच. "तुझे मार्क मला लय शोभत्यात गं."

आई खिडकीबाहेर बघत होती. मीही बघत राहिले. सत्कारात मिळालेली ट्रॉफी घरी टीव्हीवर गेली. रोज पुसायचं काम माझं.

यंदा बारावी. निकाल लागला तसं पप्पांनी विचारलं, "किती पडलं?"

"पास झाले."

"टक्के सांग की. संस्थेत नाव द्यायचंय."

"कुणाचं?"

पप्पा म्हणाले, "लय बोलाया लागलीस." दादा या वेळी हसला नाही.

दोन वर्षं मला वाटत होतं, अजून मार्क आणले की पप्पांना माझं कौतुक वाटेल. त्या क्षणी कळलं, मार्क कमी पडतच नव्हते. मी आणत होते आणि ते उचलून दुसऱ्याला देत होते.

आज संस्थेची सभा आहे. अकरा वाजता. टीव्हीवरची ट्रॉफी मी सॅकमध्ये टाकली आहे. सोबत माझ्या दहावी-बारावीच्या दोन्ही मार्कशीट. वर्गात बाईंनी उभं केलं तरी माझा आवाज फुटायचा नाही. आजही कापेल. कापू दे. ट्रॉफी तात्यांच्या टेबलावर ठेवून मी दहावीची मार्कशीट वाचणार आहे. आधी नाव. मग टक्के.

पप्पा पहिल्या रांगेत असतील. त्यांच्याकडे बघून वाचणार आहे.