दिल्लीला धाडलेली अर्जी

लातूर वेगळा जिल्हा झाला, त्यानंतरच्या कोरड्या वर्षांत आमच्या गल्लीची विहीर आटली. तळाशी उरलेल्या चिखलाला गंजक्या पत्र्याचा वास येई. मी मुलींच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवत असे आणि वडील कंधारचे घर बंद करून माझ्याकडे राहायला आले होते. त्यांचा जन्म निजामाच्या राज्यातला. आजोबांनी थेट हैदराबादेला अर्जी केली आणि वेशीजवळ विहीर खोदली गेली, ही गोष्ट ते अशी सांगत की ऐकणाऱ्याच्या टाळूला गारवा जाणवावा.

"तहसीलदार, कलेक्टर ही सगळी मधली माणसं," ते म्हणाले. "मुलखाच्या मालकाला लिही. राष्ट्रपतींना."

"अण्णा, ते मालक नाहीत."

"फौज कोणाची? कायद्यावर सही कोणाची?"

सहीच तेवढी त्यांची, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहीत आले होते. घटनेने आरंभी मंत्रिमंडळाचा सल्ला सांगितला होता. तो पाळलाच पाहिजे असे शब्द घातले नव्हते. तेवढ्या फटीतून निदान वारा येत होता. आणीबाणीच्या कागदावर मुकाट सही झाली, तेव्हा त्या फटीची आठवण कोणाला झाली नाही. मग दुरुस्ती करून ती लिंपूनच टाकली: सल्ल्याप्रमाणेच वागावे. पुढच्या सरकारने उदार मनाने सवलत दिली: कागद एकदा परत पाठवता येईल, पुन्हा आला की सही करावी. शेकडो खोल्यांचा महाल, दाराशी घोडेस्वार, आणि आत बसलेल्या माणसाला एकदाच 'पुन्हा विचार करा' म्हणण्याची मुभा! आमच्या शाळेत घंटा वाजवणारी मावशी याहून अधिक हुकमत गाजवी.

तरीही अर्जी मीच लिहिली. जाड कागदावर, घोटीव अक्षरात. 'महामहिम' हा शब्द तर मी चवीने वळवला. समोर किराणा दुकान चालवणाऱ्या काकू दारात आल्या.

"बाई, उद्यापासून घागरी घेऊन कचेरीपुढं बसायलोत आम्ही सगळ्या. चला की."

"आमची अर्जी दिल्लीला गेली आहे. उत्तर येऊ द्या," मी म्हणाले. ज्या पदाची वर्गात टर उडवत होते, त्याच्याच आडोशाला मी लपले. उन्हात, रस्त्यावर, रिकामी घागर घेऊन बसायची मला लाज वाटत होती.

"दिल्लीला?" काकू हसल्या. "मग तुमचं पाणी रेल्वेनं यील!"

बायका तीन दिवस बसल्या. चौथ्या दिवशी टँकर आला. पाण्याला डिझेलचा दर्प होता, पण कोरड्या पितळेत पडणाऱ्या त्या धारेचा आवाज ऐकून गल्लीतली कुत्रीसुद्धा उठून बसली. मला रांगेच्या शेवटी उभे केले.

"बाईचं पाणी निघालंय तिकडून. लई लांबचा रस्ता हाय," कोणीतरी म्हणाले आणि सगळी रांग खिदळली. मला अर्धी घागर मिळाली.

पुढच्या आठवड्यात दिल्लीचे पाकीट आले. आत दोन ओळी: अर्ज योग्य कार्यवाहीसाठी राज्याकडे पाठवला आहे. वडिलांनी तो कागद डोळ्यांना लावला.

"बघ, हुकूम सुटला. म्हणून टँकर आला. आता आभाराचं पत्र लिही."

"टँकर आधी आला, अण्णा. बायकांनी आणला. ही नुसती पोच आहे. आभारच मानायचे तर काकूंचं दार समोर आहे."

"त्या किराणावालीचे?" हे त्यांनी असे विचारले, जणू तोंडात खडा आला.

पत्र मी लिहिले नाही. पंधरा दिवसांनी टँकर यायचा थांबला, तेव्हा मी घागर उचलली आणि काकूंच्या मागून कचेरीकडे निघाले. माझी पाठ फिरताच वडिलांनी आतून कडी लावून घेतली. संध्याकाळी परतले, तेव्हा दार बराच वेळ वाजवावे लागले.