दोन प्रार्थनांच्या मधलं घर

किस्से गोळा करायला मी कुठे गेले नाही. पिपरीत माझं घरच असं होतं, की ते आपसूक आत येऊन बसत. उजवीकडे शिमोनभाऊ, डावीकडे त्यांचा धाकटा भाऊ याकोब, मधे मी. पन्नास सालानंतरची ही गोष्ट. दोघं ख्रिस्ती, दोघंही भले, आणि दोघांचा एकमेकांशी अबोला.

कारण बिडीचं. शिमोनभाऊ मंडळीतले पुढारी. एका रविवारी भर उपासनेत त्यांनी याकोबला पुढच्या सतरंजीवरून उठवलं. "बिडीचा वास येऊन राह्यला. मांगं बस."

याकोब मागे बसला नाही. सरळ घरी आला.

*

बोलणं बंद, पण प्रार्थना चालू. दिवेलागणीला शिमोनभाऊ ओट्यावरून खड्या आवाजात म्हणत, "प्रभू, याकोबले नम्र कर." ते संपतं न संपतं तोच डावीकडून, "प्रभू, शिमोनचा गर्व उतरव."

दोन्ही प्रार्थना माझ्या छपरावरून जात. आमचे हे एकदा म्हणाले, "याईचा देव आपल्या कवेलूवर बसते का?"

*

त्यांच्यात एक रीत होती. प्रभुभोजन म्हणजे देवळात पाळकसाहेबांच्या हातून भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घ्यायचा. आदल्या शनिवारी, ज्याचं मन दुखवलं असेल त्याच्या दारी जाऊन माफी मागायची. शिमोनभाऊ माझ्या दारी आले.

"वहिनी, माह्या बकरीनं तुमची मेथी खाल्ली. माफ करा."

"मेथीचं राहू द्या. याकोबभाऊकडे गेलते का?"

"तो लहान हाय. त्यानं यायले पायजे."

मी लगेच परसातून डावीकडे. याकोब म्हणाला, "उठवलं कोनं? मंग मी काऊन जाऊ?"

मेथीचं मात्र मिटलं.

*

दुसऱ्या दिवशी मी देवळाच्या दारात उभी राहून पाहिलं. शिमोनभाऊंनी भाकर घेतली. शेजारी त्यांची आई, रूथमाय. तिनं ताट तसंच पुढे सरकवलं. याकोब आलाच नव्हता.

बाहेर आल्यावर मी विचारलंच. ती म्हणाली, "माह्याच घरचं मिटलं नाई, बाई. मी कशी घेऊ?"

त्यानंतर दर वेळी तिनं ताट तसंच पुढे सरकवलं.

*

थंडीत रूथमायनं शिमोनभाऊंच्या घरी अंथरूण धरलं. आता ती उठणार नाही, हे सगळ्यांना कळलं होतं. एका संध्याकाळी पाळकसाहेब भाकर घेऊन घरीच आले. मी पेज घेऊन गेले होते. रूथमायनं मान हलवली. नको.

शिमोनभाऊ गुडघ्यांवर आले, डोळे मिटले. "प्रभू, याकोबले..."

"त्याचं राहू दे," रूथमाय म्हणाली. "तुह्यं सांग."

शिमोनभाऊ उठले, माझ्या अंगणातून याकोबच्या दाराशी गेले. मी मागोमाग. दार लोटलेलं. आत याकोबची प्रार्थना चालली होती.

"प्रभू, माहा भाऊ स्वतःले लय मोठा समजते. चारचौघात मले उठवलं त्यानं. त्याचा गर्व उतरव."

शिमोनभाऊंनी टोपी काढली. शेवटपर्यंत ऐकलं. मग बाहेरूनच म्हणाले, "आमेन."

मग दार उघडलं.

"माय थांबली हाय," शिमोनभाऊ म्हणाले.

दोघं भाऊ बाजेजवळ खाली बसले. पाळकसाहेबांनी भाकरीचा तुकडा मोडला. रूथमायनं तोंड उघडलं.