दोन इंच अलीकडची रेघ

व्हर्लिन प्रुइटच्या मते टल्सा शहरात दोनच प्रकारचे इंजिनिअर होते: एक तो स्वतः, आणि बाकीचे सगळे रंगारी. आत दाब सोसणाऱ्या टाकीचं गणित संगणकाने केलं की पडद्यावर तिचं रंगीत चित्र येतं. ताण कमी तिथे निळं, जास्त तिथे लाल. ते पाहून घाबरणारा रंगारी, ते पाहून खूश होणारा रंगारी, आणि ते अहवालाच्या पहिल्या पानावर छापणारा तर अस्सल रंगारी. व्हर्लिन काम करायचा त्या टाक्यांच्या कारखान्याचा मालक गेलन मोझियर याने असलंच एक चित्र चौकट करून दारात टांगलं होतं. व्हर्लिन रोज सकाळी कॉफीचा मग घेऊन त्या चित्रापुढून नाक मुरडत जायचा.

या मिजाशीला कारण होतं. फार वर्षांपूर्वी ह्यूस्टनहून आलेला गिऱ्हाइकाचा एक साहेब टाकीच्या चित्रात कोपऱ्यातला लाल ठिपका पाहून हादरला होता. व्हर्लिनने त्याला शेजारी बसवलं आणि संगणक टाकीचे ज्या लहान तुकड्यांत भाग पाडून गणित करतो, ती जाळी त्या कोपऱ्यात बारीक केली. ताणाचा आकडा साठ हजारांवरून नव्वदवर गेला. आणखी बारीक केली, तो दीडशेवर गेला. “अजून करू? जेवणाच्या सुट्टीपर्यंत चंद्रावर नेतो,” व्हर्लिन म्हणाला. टोकदार कोपऱ्यात गणितच फसतं, तो ताण पडद्यावर असतो, पोलादात नसतो. साहेब खजील होऊन परत गेला आणि व्हर्लिनचं नाव झालं.

गोष्ट खरी होती. पण त्याने ती इतक्या वेळा सांगितली की त्याच्याकडे सांगण्यासारखी दुसरी उरली नाही. जाळी बारीक करून पाहणं त्याने त्यानंतर सोडूनच दिलं. ते काम नजर नसलेल्यांचं. तो छापील चित्रावर पेन्सिलीने भिंतीच्या जाडीतून आरपार एक रेघ मारायचा. त्या रेघेवरचा ताण मग वेगळा करायचा: सगळी जाडी ओढणारा किती, वाकवणारा किती, नुसता टोकाशी साचलेला किती. टोकाचा बाजूला ठेवायचा, उरलेला मर्यादेत बसला की टाकी पास. रेघ कुठे मारली यावर सगळा खेळ, आणि तो खेळ आपल्यालाच येतो, अशी त्याची पक्की समजूत होती.

रोंडा टील त्याच्या हाताखाली आली तेव्हा तर त्याला करमणूकच झाली. बाई पंचेचाळिशीची, अठरा वर्षं खाली वर्कशॉपमध्ये वेल्ड तपासलेली, मग रात्रशाळेत इंजिनिअर झालेली.

“रोंडाबाई, इथे टॉर्च मारून भेगा दिसत नाहीत हं,” तो म्हणायचा.

“भेग पडेपर्यंत थांबायचं नसतं, एवढं खाली शिकलेय मी,” ती म्हणायची आणि सँडविच खात राहायची.

त्या मंगळवारी ती त्याच्या टेबलापाशी कागद घेऊन आली. तीन इंच जाडीची टाकी, तिला तिरकी बसवलेली एक नळी. व्हर्लिनचा अहवाल गेल्याच आठवड्यात त्याच्या शिक्क्यानिशी गिऱ्हाइकाकडे गेला होता. गुरुवारी टाकी ट्रकवर चढायची होती.

“व्हर्लिन, तुमची रेघ नळी टाकीला मिळते त्या कोपऱ्यापासून दोन इंच अलीकडे आहे.”

“असणारच. कोपऱ्यात आकडा फसतो. ह्यूस्टनच्या त्या साहेबाची गोष्ट सांगितली नाही का तुला?”

“नऊ वेळा. पण हा कोपरा टोकदार नाही. ड्रॉइंगवर आतून गोलाई दिलीय, आणि ती मी खाली जाऊन हाताने मोजलीय. संगणकातल्या मॉडेलमध्येही तीच घातलीय. जाळी तीनदा बारीक केली, आकडा कुठे पळत नाही.”

“तुझ्या जाळीत माशा अडकत असतील,” व्हर्लिन मोठ्याने म्हणाला. अख्ख्या ऑफिसला ऐकू जावं म्हणून. “गेलन, जरा ये इकडे! एका वेल्डतपासनिसाला गणित शिकवतोय, फुकटात बघून घे.”

गेलन आला. माणूस घाबरट, आणि टाकी उशिरा गेली तर काय एवढीच चिंता त्याच्या कपाळावर. “व्हर्लिन, तू म्हणशील ते,” तो आल्याआल्या म्हणाला. म्हणजे व्हर्लिनने नुसती मान हलवली असती तरी प्रकरण मिटलं असतं.

पण त्याला नुसतं जिंकायचं नव्हतं, बाईला जागा दाखवायची होती. त्याने तिचंच मॉडेल उघडलं आणि किती वर्षांनी कोण जाणे, स्वतःच्या हाताने कोपऱ्यातली जाळी बारीक केली. आकडा एकाहत्तर हजार. आणखी बारीक केली. चौऱ्याहत्तर. “बघ, निघाला चंद्रावर,” तो म्हणाला. पुन्हा बारीक केली. पंचाहत्तर. गेलनने घड्याळ पाहिलं. आणखी एकदा. पंचाहत्तर.

व्हर्लिनने अजून एकदा केली. पंचाहत्तरच.

मग त्याने रेघ खऱ्या जागी मारली, गोलाईतून आरपार. टोकाचा ताण बाजूला ठेवूनही चौसष्ट हजार उरले. मर्यादा साठ. त्याच्या दोन इंच अलीकडच्या रेघेवर एक्केचाळीस आले होते, आणि ते एक्केचाळीस त्याने मोठ्या झोकात अहवालात लिहिले होते. ड्रॉइंगचं ते पान त्याने उघडूनही पाहिलं नव्हतं. लाल ठिपका दिसला, नाक मुरडलं, पुढे गेला. ह्यूस्टनचा साहेब निदान घाबरून विचारायला तरी आला होता.

रोंडाने आपला कागद त्याच्या टेबलावर ठेवला. तिने टोमणा मारला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

“मग?” गेलन म्हणाला. “गुरुवारी पाठवायची ना टाकी? व्हर्लिन?”

व्हर्लिनने चष्मा काढला. “नाही पाठवायची. नळीभोवती जाड पट्टा घालावा लागेल. गिऱ्हाइकाला मी फोन करतो. अहवाल चुकलाय.”

“चुकलाय? कोणी केला होता?”

“एका रंगाऱ्याने,” व्हर्लिन म्हणाला. “शिक्का माझा आहे.”