साहेबाचं वांगं

वेल्डरकाकांची वही उघडली की बोटांना तेल लागतं. परदेशात अकरा वर्षं वेल्डिंग केलं त्यांनी, बारा जणांच्या एका खोलीत राहून. तिथं रात्रीच्या स्वयंपाकाला पाळ्या असायच्या, आणि ज्याची पाळी त्याच्या घरचं जेवण, हा खोलीचा कायदा. क्रेनवाल्याचे चिंचेतले मासे, प्लंबरची टोमॅटोतली अंडी, रंगाऱ्याची कांद्याची आमटी. काका चुलीशेजारी उभे राहून एकेक लिहून घेत. शाळा सातवीत सुटली होती, पण अक्षर असं की मास्तरानं मान खाली घालावी.

परत आल्यावर त्यांनी मोठ्या हौसेनं रंगाऱ्याची आमटी केली. काकूंनी पहिला घास घेतला आणि सरळ तांब्याकडे हात नेला.

"बारा जणांचं मीठ दोघांत घातलंत की काय?"

"सगळी मापं सहानं भागलीत."

"मग सहाचा पाढा विसरलात."

पाढा पक्का होता. काकूंनी स्वतः दुसरं पान करून पाहिलं, तिसरं करून पाहिलं. माप बरोबर, चव खारट. शेवटी त्यांनी पेन्सिल घेऊन पानोपानी काकांच्या शाईतल्या मापाशेजारी मीठ अर्धं केलं. काकांनी ते करू दिलं. खोलीत ते कुणालाच खारट लागलं नव्हतं. दिवसभर उन्हात अंगातून जेवढं निथळायचं, तेवढं संध्याकाळी पातेल्यात पडायचं. शर्ट वाळले की पाठीवर पांढरे नकाशे उठायचे. हे बायकोला सांगायचं म्हणजे मग बाकीचंही सांगणं आलं.

एका पानावर होतं 'साहेबाचं वांगं'. साहेब सळया बांधायचा. घरी मात्र त्यानं कळवलं होतं, की आपण स्टोअरमध्ये आहोत, गार हवेत खुर्चीवर बसून सामान लिहून घेतो. म्हणून तो खोलीचा साहेब. "आज एसी फार लागला वाटतं साहेबांना," असं कुणी म्हणालं की तोच आधी हसायचा. दुसऱ्याचा इस्त्रीचा शर्ट घालून स्टोअरच्या दारात फोटो काढायचा आणि घरी पाठवायचा. एकदा काकांचं मनगट धरून म्हणाला, "वहीवाल्या, माझ्या घरच्यांशी कधी बोललास तर खुर्चीच सांगायची. शपथ घे."

काकांनी घेतली. पुढच्याच उन्हाळ्यात भर दुपारी साहेब सळयांवरच आडवा झाला. कंपनीच्या कागदावर कारण आलं, हृदय बंद पडलं. हृदय शेवटी सगळ्यांचंच बंद पडतं. ते कशानं पडलं, हा रकानाच त्या कागदावर नव्हता.

त्याला सहा वर्षं झाली. परवा साहेबाची मुलगी पत्ता काढत दारात आली. लग्न झालेली, कपाळ बापाचं. बाबा तिकडे काय जेवायचे ते तिला एकदा खायचं होतं. काकांनी वांगी चिरायला घेतली. ती सहज बोलून गेली, "आमचे हे पण निघालेत काका, पुढच्या महिन्यात. त्याच कंपनीत, स्टोअरलाच. एजंटनं शब्द दिलाय. ते का-कू करत होते, मीच मागे लागले. म्हटलं, बाबांनी दहा वर्षं खुर्चीवर काढली, तुम्हाला काय होतंय?"

सुरी थांबली. मग पुन्हा चालायला लागली, सावकाश.

काकू मिठाचा डबा घेऊन आल्या तेव्हा काका हळूच म्हणाले, "पेन्सिलीचं नको. शाईतलं घाल."

"अहो, पोर पहिल्यांदा जेवायला आलीय."

काकांनी डबा त्यांच्या हातातून घेतला.

मुलीनं दोन घास खाल्ले, पाणी प्यायली. "छान झालंय."

"खरं सांग."

"थोडं खारट आहे, काका. बाबा तर घरी अळणीच जेवायचे."

"हे माप त्याचंच. त्याच्या हाताकडे बघून लिहिलंय मी."

"मग तिकडेच एवढं मीठ का लागायचं त्यांना?"

काकांनी आपलं ताट बाजूला सारलं. "खुर्चीवर बसणाऱ्याला लागत नाही, बाई."

मग त्यांनी सगळं सांगितलं. सळया, ऊन, दुसऱ्याचा शर्ट, शपथ. काकूही हे पहिल्यांदाच ऐकत होत्या. मुलगी रडली नाही. ताटाकडे बघत राहिली.

"सहा वर्षं तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"मी आज आले नसते तर? हे गेले असते ना तिकडे?"

उत्तर एकच होतं, आणि ते तिघांनाही ठाऊक होतं.

तिनं ताट पुढे ओढलं आणि पाण्याचे घोट घेत सगळं वांगं संपवलं. मग हात धुऊन म्हणाली, "ते पान द्या मला. आज घरी हेच करते. यांना वाढते, आईलाही वाढते. मग बोलते."

वहीचा कोपरासुद्धा कुणाला दुमडू न देणाऱ्या काकांनी पट्टी लावून पान फाडलं. काकूंनी ते मध्येच घेतलं, खोडरबरानं आपली पेन्सिल पुसली आणि तिच्या हातात दिलं.